बुडवलेला रोज

कातारीची कमाई नगावर असते. पलंगाचे किती खूर उतरले, लाटणी किती झाली, देव्हाऱ्याच्या खांबांच्या किती जोड्या गेल्या, यावर संध्याकाळी हातात काय पडणार ते ठरतं. लेथ फिरला तर पैसा, थांबला तर नाही. ज्यांच्याकडे मी लाकूड कातायला शिकलो त्या काकांकडे एकच लेथ होता. त्या लेथसमोर त्यांनी मला उभं केलं आणि स्वतः बाजूला उभे राहिले. त्या बाजूला उभं राहण्याचं ऋण माझ्यावर आहे. ते कागदावर यावं म्हणून हे लिहितो आहे.

आमचं गाव वैशाखरे. मुरबाडहून माळशेजकडे निघालं की टोकावडे मागे पडतं आणि आम्ही येतो. पुढे मोरोशी आणि मग घाट. नाणेघाट चढणारी मंडळी आमच्याच थांब्यावर एसटीतून उतरतात. शेती भाताची. पाऊस आहे तोवर हाताला काम, भात झोडून झालं की पोटासाठी बाहेर बघायचं. मी आयटीआयला टर्नरचा कोर्स केला, मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लागलो. लोखंडाचे शाफ्ट आणि बुश उतरवत होतो. तो कारखाना बंद पडला आणि मी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात टेम्पोवर माल पोचवायला राहिलो.

उल्हासनगर म्हणजे कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभं केलेलं शहर. १९४९ मध्ये त्याला हे नाव मिळालं. हाती काही नसताना माणसांनी तिथे धंदे उभे केले, त्यातलाच एक हा फर्निचरचा. समोर काचेची दुकानं आणि मागच्या गल्ल्यांत त्या दुकानांना माल पुरवणारे सुतार, पॉलिशवाले, कातारी. काकांची शेड अशाच एका गल्लीत, वर पत्रा, खाली भुशाचा थर. मी खुरांची पोती उचलायला जायचो. एक दिवस पोतं खांद्यावर न घेता मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो, ते त्यांनी पाहिलं.

"काय बघतोस?"

"टर्नर आहे मी, काका. लोखंडाचा."

"मग हातात पटाशी न धरता आलास कुठवर?" असं म्हणून त्यांनी गोल पटाशी माझ्या हातात दिली आणि मागे सरकले.

लोखंडाच्या लेथवर हत्यार यंत्रात आवळलेलं असतं. चाक फिरवलं की ते मापानं पुढे सरकतं, कामगाराच्या अंगात कंप असला तरी कामात उतरत नाही. लाकडाच्या लेथवर हत्यार हातात असतं. समोर फक्त एक लोखंडी टेका, त्यावर पटाशी टेकवायची आणि बाकी सगळं कोपर, कंबर आणि पाय. काकांचे वडील दोरीवर कातायचे. जमिनीवर बसून एकानं दोरी मागेपुढे ओढायची आणि दुसऱ्यानं हातांनी पटाशी धरून पायाच्या बोटांनी ती सावरायची. लाकूड एकदा पुढे फिरणार, एकदा मागे. कापायचं ते फक्त पुढे फिरताना. काकांनी लहानपणी ती दोरी ओढली होती. मोटार आली तरी त्यांचा उजवा पाय कामाच्या लयीत किंचित हलायचा.

पहिली गोष्ट त्यांनी शिकवली ती अशी. पटाशीची धार लाकडाला लावायचीच नाही. आधी तिची पाठ टेकवायची. फिरतं लाकूड पाठीवरून नुसतं घासत जाऊ द्यायचं. मग मूठ हळूच वर उचलत जायची, तशी धार आपोआप लाकडापर्यंत येते आणि साल सोलल्यासारखी लांब चिपडी निघते. आवाज 'सर्र' असा यायला हवा. 'खरखर' आली की पटाशी कापत नाही, ओरबाडते आहे. काका पाठ करून चहा पीत बसलेले असायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, "मूठ खाली घे." मी मान वर करून बघायच्या आत त्यांचं सांगून झालेलं असायचं.

बुचांचं काम आलं ते एका गिऱ्हाइकामुळे. नाशिककडे द्राक्षांच्या वाइनचा धंदा वाढत होता आणि भेटवस्तूंच्या एका दुकानदाराला बाटलीची लाकडी बुचं हवी होती. नमुना म्हणून त्यानं परदेशातून आलेलं एक बूच आणलं. मूठभर उंचीचं, वर गोलाकार, आणि त्यावर गडद आणि फिकट लाकडाच्या उभ्या पट्ट्या, एकाआड एक, वरच्या टोकाला एका बिंदूत मिळालेल्या. लाकडावर रंग दिलेला नव्हता. प्रत्येक पट्टी हे वेगळं लाकूड होतं. काकांनी ते रात्री घरी नेलं. सकाळी आले ते म्हणाले, "आठ फाकी आहेत. आपल्याकडे आठ फाकींचा माल कचऱ्यात पडलाय."

शेडच्या कोपऱ्यात तुकड्यांचा ढीग होता. सुतारांकडून आलेले, खुरांची टोकं कापून उरलेले. सागवान, शिसव, हेदू, बाभूळ, आंबा. रोज संध्याकाळी त्यातले काही चहावाला चुलीसाठी घेऊन जायचा. त्या दिवसापासून काकांनी चहावाल्याला भुसा आणि चिपड्या द्यायला सुरुवात केली, तुकडे मात्र राखून ठेवले.

आता या आठ फाकींचं सांगतो, कारण इथेच मी त्यांच्याकडून सगळ्यात जास्त घेतलं. वर्तुळाचे ३६० अंश. आठ फाकी केल्या की एकेकीच्या वाट्याला ४५ येतात, म्हणजे प्रत्येक फाकीची दोन्ही अंगं साडेबावीस अंशांवर तासायची. ऐकायला सोपं आहे. पण आठ फाकींची अंगं सोळा. करवत अर्ध्या अंशानं जरी कलली तरी सोळा अंगांवर मिळून आठ अंशांची तफावत जमते. सात सांधे घट्ट बसतात आणि आठव्यात नख जाईल एवढी फट राहते. नवा माणूस अशा वेळी करवतीचा कोन पुन्हा पुन्हा जुळवत बसतो.

काका करवतीच्या मागे लागले नाहीत. त्यांनी चार फाकी एकमेकींना चिकटवून एक अर्धुक केलं, दुसऱ्या चारांचं दुसरं. दोन्ही सुकली. मग काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवला आणि अर्धुकाची सपाट बाजू त्यावर आठाच्या आकड्यासारखी घासली, उजेडापुढे गुण्या लावून बघितली, पुन्हा घासली. कोनात जी काही तफावत साठली होती ती सगळी त्या एका बाजूवर आली आणि तिथेच घासून निघाली. दोन सपाट बाजू एकमेकींवर ठेवल्या तर मध्ये उजेड दिसेना. मी टर्नर माणूस, मायक्रोमीटरनं माप घेणारा. पण तफावत कुठेतरी एका जागी आणून तिथेच ती संपवायची, ही युक्ती मला कुठल्याही वर्कशॉपमध्ये कोणी दाखवली नव्हती.

चिकटवताना वरून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आवळायच्या. शिकंजा दोनच बाजूंनी दाबतो, ट्यूब चहूबाजूंनी सारखी दाबते. शिसवीत तेलकटपणा असतो, म्हणून गोंद लावण्याआधी तिची अंगं स्पिरिटनं पुसायची. सागात वाळूसारखे बारीक कण असतात, त्यामुळे धार लवकर बोथटते. दगड जवळ ठेवायचा. शिसवीची धूळ नाकात आणि कातडीला लागते, तोंडाला रुमाल बांधायचा. खालून दहा मिलिमीटरचं भोक पाडून त्यात दांडी आणि दांडीवर कॉर्क किंवा सिलिकॉनचा दट्ट्या. वाइनच्या बाटलीचं तोंड आतून साधारण १८-१९ मिलिमीटर असतं. तिथे लाकूड थेट घालायचं नाही, ओलाव्यानं फुगून अडकतं. लाकूड फक्त वर, हाताला लागतं तिथे.

आणि पॉलिश. चपड्याचं पॉलिश स्पिरिटमध्ये असतं आणि स्पिरिट शिसवीचा जांभळट रंग ओढून काढतं. लेथ फिरवत फडक्यानं पॉलिश लावलं तर तो रंग शेजारच्या हेदूच्या पिवळ्या पट्टीवर पसरतो आणि सगळी मेहनत मळकट होते. काका लेथ बंद करायचे. बारीक ब्रश घेऊन, प्रत्येक फाकीवर वरून खाली, उभा हात मारायचे. गडद फाकीचा रंग गडद फाकीतच राहायचा. पहिला हात असा सुकला की मग लेथ चालू करून पुढचे हात. एका बुचाच्या पहिल्या हाताला ते जेवढा वेळ द्यायचे तेवढ्यात एक लाटणं उतरलं असतं.

२६ जुलै २००५ ला पाणी आलं. मुंबईच्या पावसाचं सगळ्यांना आठवतं, पण वालधुनी आणि उल्हास या नद्यांनी कल्याण, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात जे केलं ते इथल्या माणसांनाच ठाऊक. मी गावाकडे अडकलो होतो. वाट मोकळी झाल्यावर पोचलो तेव्हा शेडमध्ये गुडघाभर गाळ होता. मोटार पाण्याखाली गेलेली, लाकूड फुगलेलं. आम्ही मोटार सोडवून वाइंडिंगला दिली, लेथचा बेड घासलेटनं धुतला. गाळ उपसताना जोडून ठेवलेले बुचांचे काही ठोकळे हाताला लागले. काका त्यांच्यापाशी बसलेच. साध्या पांढऱ्या गोंदानं जोडलेल्यांच्या फाकी सुटून वेगळ्या झाल्या होत्या. दोन डबे मिसळून करायच्या एपॉक्सीनं जोडलेले अखंड होते. काकूंनी घरातला गाळ काढायला हाक मारली तरी ते एकेक ठोकळा पुसून दोन ढीग करत होते. मला म्हणाले, "बघून ठेव. एवढी परीक्षा आपण मुद्दाम घेतली नसती." ज्याची शेड पाण्यात गेली आहे तो माणूस हे बोलत होता. त्या दिवसानंतर मी काकांना फक्त कारागीर म्हणून बघू शकलो नाही.

काकू हिशेबाची वही लिहायच्या. कुठल्या दुकानाला किती खूर, किती इंची, कधी दिले. पुढे मी गावी स्वतःचा लेथ बसवायचं ठरवलं तेव्हा कामाचे दर कसे लावायचे ते बघायला त्यांनी ती वही माझ्यापुढे ठेवली. मी शिकत होतो त्या महिन्यांची पानं चाळली. सकाळच्या नोंदी भरलेल्या, दुपारनंतरची जागा कोरी. दिवसामागून दिवस तशीच. काकू शेजारी तांदूळ निवडत होत्या. त्यांना त्यातून काही दाखवायचं नव्हतं. त्यांनी फक्त दर बघायला वही दिली होती. पण नगावर जगणाऱ्या घरात कोरी जागा म्हणजे काय ते मला कळत होतं. त्यांचा रोज बुडत होता आणि त्याच वेळात माझा हात तयार होत होता.

पैसे देऊ केले, घेतले नाहीत. मग म्हटलं, खुरांचा माल मी उतरवून देतो, तेवढीच फेड होईल. तेही नाही. "माझा माल केलास तर तू माझा गडी झालास. गडी करायला नाही शिकवलं तुला." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण पुढे बोलायची सोयही नव्हती. उलट जुना लेथ विकणाऱ्या माणसाकडे ते माझ्यासाठी जामीन राहिले. हप्ते मी फेडले. जामीन राहिल्याचं कशानं फेडणार? दिवाळीनंतर भात भरडला की तांदूळ, पावसाआधी करवंदं आणि आंबे एवढंच त्यांच्या दारात न बोलता ठेवता यायचं, ते ठेवत राहिलो.

सावंतवाडीलाही त्यांनीच धाडलं. चितारआळीत पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची फळं, खेळणी कशी होतात ते बघ म्हणाले. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घासण्यानं जी उष्णता तयार होते तिच्यावरच लाख वितळून लाकडाला बसते, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं. तिथले कारागीर रंगानं जे साधतात ते आम्ही लाकडाच्या अंगच्या रंगानं साधायला बघतो. दोन्ही कातकामच, आणि सावंतवाडीचं कितीतरी जुनं.

काका एकदाच वैशाखऱ्याला आले, भातकापणी झाल्यावर. माझी शेड बघितली, लेथला हात लावून बेअरिंगचा आवाज ऐकला. आमच्या घरी चुलीवरच्या माळ्यावर बियाणं ठेवतात, तिथे आई माझे तुकडे सुकवायची. माळशेजच्या पायथ्याच्या पावसात लाकूड उघड्यावर कधी सुकत नाही. धुरानं काळपट झालेले ते तुकडे आईनं खाली काढून दाखवले, तेव्हा काका तिला म्हणाले, "वहिनी, निम्मं काम तुम्हीच करता." आईनं मोहट्याच्या तेलाची बाटली त्यांना बांधून दिली. आमच्या लहानपणी अशा बाटलीला मक्याचं बुरकुंड नाहीतर चिंधीचा बोळा असायचा. आता तिला सागाचं आणि शिसवीचं आठ फाकींचं बूच होतं. काकांनी ते काढून, पुन्हा बसवून, बाटली उलटी करून बघितली. थेंब आला नाही.

दुपारी त्यांना नाणेघाटाच्या पायथ्याशी नेलं. गुडघ्यांमुळे चढणं होणार नव्हतं. खालून नानाचा अंगठा दाखवला, वर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, जकातीचा दगडी रांजण आहे ते सांगितलं. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेनं जुन्नर, पैठणकडे जायचा. 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचं नाव आहे, आणि भडोचला येणाऱ्या मालात इटलीच्या वाइनचंही आहे. ती वाइन ज्या मातीच्या उंच कुंभांतून यायची त्यांचे तुकडे नेवाशाच्या उत्खननात मिळाले आहेत. त्या कुंभांची तोंडं कॉर्कनं किंवा खापराच्या चकतीनं बंद करून वरून चुन्यानं लिंपलेली असत. काका बराच वेळ वाटेकडे बघत राहिले. मग विचारलं, "ती बुचं करणारा कोण असेल रे?" इतिहास वाचलेल्या कोणी मला हा प्रश्न विचारला नव्हता. राजे, राण्या, व्यापारी यांची नावं दगडावर आहेत. कुंभाचं तोंड बंद करणाऱ्याचं नाव विचारावंसं वाटलं ते एका कातारीला.

टाळेबंदीच्या पहिल्या वर्षात काका गेले. रस्ते बंद होते, मला पोचता आलं नाही. काकू आता मुलीकडे असतात. काकांची गोल पटाशी त्यांनी माझ्याकडे पाठवली. तिची मूठ बाभळीची आहे, अंगठ्याच्या जागी झिजून खोलगट झालेली. माझा अंगठा त्या खळग्यात बरोबर बसत नाही, काकांचा हात माझ्यापेक्षा मोठा होता. मूठ बदलायची नाही असं मी ठरवलं आहे.

आमच्या शेडमध्ये सध्या ठाकरवाडीतली दोन पोरं आणि गावातली एक मुलगी शिकत आहेत. मुलीचा हात पोरांपेक्षा हलका आहे. तिच्या पटाशीखालून 'सर्र' लवकर आलं. दुपारनंतर लेथ त्यांचा. त्या वेळात माझा नग होत नाही, आणि तो होऊ द्यायचा नाही एवढं मी पाळतो.

वाचणाऱ्यांकडे एक मागणं आहे. आमच्या तालुक्यात जंगल आहे म्हणून लाकूड फुकट मिळतं असा समज असतो. तसं नाही, आणि तसं असूही नये. साग, खैर, बिबळा, हेदू अशी झाडं आपल्या बांधावरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, लाकूड हलवायला वनखात्याचा पास लागतो. बुचासाठी कोणी झाड पाडायची गरजच नाही. कल्याण, ठाणे, मुंबईत रोज कितीतरी घरांत सुतारकाम चालू असतं, जुने पलंग आणि दरवाजे मोडले जातात, आणि तुकडे डेब्रिजबरोबर जातात. तुमच्या घरी असं काम निघालं तर सुताराला सांगून ते तुकडे बाजूला ठेवा आणि जवळच्या कातारीकडे पोचवा. तुकडा बोटभर लांब आणि इंचभर जाड असला तरी चालतो. लाकूड ओळखत असाल तर त्यावर खडूनं नाव लिहा. प्लाय नको, ओलं लाकूड नको. आणि खिळा राहिलेला तुकडा वेगळा बांधा. एका खिळ्यानं पटाशीची धार जाते आणि कातारीचा तेवढा वेळ दगडावर जातो.